आतड्यातलं जीएलपी-१ आणि पेनातलं जीएलपी-१

पेनासारख्या नळीतून टोचायच्या, वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता रत्नागिरी-कुडाळपर्यंत पोचली आहे आणि तिच्या मागोमाग दोन समजही आले आहेत. एक असा की, सुईत जे असतं ते आपल्याच आतड्यात तयार होतं, म्हणजे औषध कसलं, नैसर्गिकच की. दुसरा नेमका उलटा: आतड्यातच तयार होतं ना, मग सुईला पैसे कशाला, नाचणी-कुळीथ खाऊन तेच वाढवू. दोन्हीकडे चूक एकच आहे. जीएलपी-१ हे मुळात आतड्यातल्या एका संप्रेरकाचं नाव, पण ते दोन वेगळ्या गोष्टींना चिकटलंय. पहिली म्हणजे जेमतेम दोन मिनिटं टिकणारा निरोप, दुसरी म्हणजे आठवडाभर अंगात राहणारं औषध.

आधी आतड्यातलं. लहान आतड्याच्या खालच्या भागात आणि मोठ्या आतड्यात 'एल' पेशी विखुरलेल्या असतात. अन्नातली साखर, प्रथिनं किंवा स्निग्धांश त्यांच्यापर्यंत आला की त्या जीएलपी-१ सोडतात. जेवायला सुरुवात केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत रक्तातलं त्याचं प्रमाण चढू लागतं आणि उपाशीपोटी असतं त्याच्या दुपटी-तिपटीवर जातं. पण ते सुटल्या क्षणापासून डीपीपी-४ नावाचं विकर (एन्झाइम) त्याच्या मागे लागतं. ३० अमिनो आम्लांच्या त्या साखळीची पहिली दोन ते छाटून टाकतं आणि निरोप बाद होतो. दीड-दोन मिनिटांत निम्मं जीएलपी-१ संपलेलं असतं. सुटलेल्यापैकी जेमतेम १० ते १५ टक्के शाबूत अवस्थेत सगळ्या अंगात फिरायला पोचतं. म्हणून आतड्यातलं जीएलपी-१ बरंचसं काम जागच्या जागी उरकतं: शेजारून जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला जागं करतं आणि मेंदूला वर्दी तिथून जाते.

वर्दी अशी की, अन्न खालपर्यंत आलंय, जठराने जरा दमानं घ्यावं. स्वादुपिंडालाही सांगणं जातं की इन्सुलिन सोड, मात्र रक्तातली साखर चढलेली असेल तरच. ही अट फार महत्त्वाची आहे, पुढे ती पुन्हा येईल. तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजला शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा जास्त इन्सुलिन मिळतं ते या संप्रेरकामुळे आणि लहान आतड्याच्या वरच्या भागातून सुटणाऱ्या जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकामुळे. सीसीके आणि पीवायवाय ही आतड्यातली संप्रेरकंही 'पुरे' म्हणणाऱ्यांतलीच. भूक लावणारं आतड्याकडचं ठळक नाव एकच, घ्रेलिन. ते जठरातून सुटतं, जेवणाआधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं.

आता पेनातलं. या औषधांचा उगम एका सरड्यात आहे. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१सारखा, पण डीपीपी-४ला सहज न छाटता येणारा रेणू सापडला. त्यावरून घडलेलं एक्सेनाटाइड २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढची बरीच औषधं माणसाच्या जीएलपी-१वरून बेतली गेली. सेमाग्लुटाइडमध्ये साखळीतलं दुसरं अमिनो आम्ल बदललंय, म्हणजे नेमकं तिथेच जिथे डीपीपी-४ची कात्री चालते. शिवाय एक लांब मेदाम्ल जोडलंय, ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून बसतं. परिणामी निम्मं औषध जायला सुमारे सात दिवस लागतात. टिर्झेपाटाइड या दुसऱ्या औषधाला सुमारे पाच. टिर्झेपाटाइड जीएलपी-१ आणि जीआयपी अशा दोन्ही ठिकाणी दार ठोठावतं, त्यामुळे त्याला नुसतं 'जीएलपी-१चं इंजेक्शन' म्हणणंही अर्धवटच.

फरक केवळ टिकण्याचा नाही. आतड्यातलं जेवणाबरोबर उगवतं आणि मावळतं. पेनातलं पहाटे तीनलाही तेवढंच असतं. ते मेंदूतल्या भुकेच्या आणि मळमळीच्या केंद्रांपर्यंत थेट पोचतं. 'भूक मेली' आणि 'उमासे येतात' या दोन तक्रारी जोडीने येतात त्या यामुळेच.

मग आपलंच जीएलपी-१ वाढवून वजन उतरेल का? याचं उत्तर देणारा प्रयोग रोज लाखो घरांत चालू आहे. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्या डीपीपी-४ची कात्री अडवतात, म्हणजे तुमचंच जीएलपी-१ शाबूत राहून दुप्पट-तिप्पट होतं. साखर त्याने उतरते. वजन मात्र जवळपास जागच्या जागी राहतं. औषधानं दुप्पट करूनही जे होत नाही ते एका भाकरीने होईल असं म्हणणाऱ्याकडे जरा संशयानंच बघावं. (जाता जाता: तुमच्या चिठ्ठीवर यातली एखादी ग्लिप्टिनची गोळीही आहे आणि नव्याने जीएलपी-१चं पेनही लिहिलंय, तर डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकत्र घेऊन जास्तीचा फायदा मिळत नाही, सहसा गोळी थांबवतात.)

याचा अर्थ ताटाचं काही चालत नाही असा नाही. वजन सोडा, जेवणानंतरच्या साखरेवर आणि दोन जेवणांमधल्या भुकेवर त्याचा परिणाम होतो, आणि कोकणी ताटाला तो करून घेणं सोपं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात काही जणांना आधी भात आणि मग मासा दिला, दुसऱ्या वेळी आधी मासा आणि पंधरा मिनिटांनी भात. जेवण तेच, पण मासा आधी खाल्ला तेव्हा जीएलपी-१ जास्त सुटलं, जठर सावकाश रिकामं झालं आणि साखरेची उसळी कमी झाली. माणसं मोजकीच होती, पण आपल्याकडे बांगड्याला तोटा नाही, तेव्हा करून पाहायला हरकत नाही.

आपल्याकडे आधी भाताचा डोंगर वाढला जातो आणि तुकडी त्याला तोंडी लावायला असते. तो क्रम फिरवायचा: तुकडी, डाळिंब्यांची उसळ नाहीतर चवळी, कोशिंबीर हे आधी संपवायचं, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची आणि मगच भात वाढून घ्यायचा, तोही मोजून एकदा. इथे लोक चुकतात ते दोन जागी. मासा आधी खातात आणि नंतर भात नेहमीइतकाच, वर कालवण संपवायचं म्हणून आणखी एक वाढ. मग नुसता मासाच जास्तीचा झाला. आणि दुसरं, रव्यात घोळून तेलात पोहणारी तुकडी 'प्रथिनं' म्हणून मोजतात. कालवणातली किंवा तव्यावर कमी तेलात भाजलेली बरी.

सकाळची पेज चांगली, पण ती पातळ आहे आणि पातळ अन्न जठरातून पटकन खाली उतरतं. अकराला पुन्हा भूक लागते त्यात तुमचा दोष नाही. पेजेबरोबर अंडं किंवा घट्ट कुळथाचं पिठलं असेल तर टिकते. कुळीथ, वाल, टाकळ्यासारख्या पालेभाज्या, कोंडा न काढलेला लाल तांदूळ यांतला चोथा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती पडतो, ते त्याची लहान मेदाम्लं बनवतात आणि ती एल पेशींना चाळवतात. हे तासाभरात नाही, पुष्कळ उशिरा घडतं. कोकमाचं म्हणाल तर त्याच्या कुळातल्या गार्सिनिया कॅम्बोजियाच्या गोळ्या 'चरबी जाळणाऱ्या' म्हणून विकल्या जातात. १९९८ साली त्यांची नीट चाचणी झाली आणि बिनऔषधी गोळीपेक्षा वजन जास्त उतरलं नाही. सोलकढी चवीसाठी प्यावी.

पेन घेणाऱ्यांची अडचण वेगळी आणि ती फ्रिजपासून सुरू होते. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही, बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नाही. एकदा गोठलं की वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी ते टाकायचं. फ्रिजबाहेर ठेवण्याची मुभा उत्पादनागणिक वेगळी असते, कुठे २१ दिवस तर कुठे ५६, आणि ती ३० अंशांच्या आतच. गोची इथेच आहे. मे महिन्यात किनाऱ्यावरच्या घरात दुपारी पारा ३२-३३च्या पुढे जातो, म्हणजे कागदावरचं 'खोलीचं तापमान' आपल्या खोलीत नसतंच. माठाजवळ ठेवण्याची युक्ती देशावर चालेल. इथल्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, म्हणून माठ फारसा गार करत नाही. पावसाळ्यात रात्रभर वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज काही तास थंडी धरून ठेवतो. मुंबईहून येताना पेन गाडीच्या डिकीत किंवा एसटीच्या टपावर टाकू नका. थर्मासमध्ये थंड पॅक, त्यावर टॉवेलची घडी, मग पेन. बर्फाला थेट लागता कामा नये.

डोस हळूहळू चढवायचा असतो. टिर्झेपाटाइड आठवड्याला २.५ मिलिग्रॅमने सुरू होतं, चार आठवडे तेच, मग ५. वजनासाठी सेमाग्लुटाइड ०.२५पासून चार-चार आठवड्यांच्या पायऱ्यांनी २.४ मिलिग्रॅमपर्यंत. सुरुवातीचा डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, आतड्याला सवय लागावी म्हणून असतो. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून शेजारच्याचा मोठा डोस घेणारे पुढचे तीन दिवस ओकाऱ्या काढतात. उलट्या-जुलाब लांबले आणि पाणी पोटात ठरेना, तर अंगातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडाला मार बसू शकतो. पोटात वरच्या बाजूला पाठीकडे जाणारी सततची कळ आली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, कारण स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर हे औषध सुरूच करत नाहीत. गरोदरपणाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं.

साखर चढली असेल तरच इन्सुलिन, ही अट पेनातलं औषधही पाळतं, म्हणून एकटं घेतलं तर साखर सहसा फार खाली जात नाही. पण सोबत ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर त्यांना ती अट नसते. संकष्टीचा उपास, त्यात पेनामुळे मेलेली भूक आणि सकाळी सवयीने घेतलेली ग्लिमेपिराइडची गोळी, हा मेळ धोक्याचा. पेन सुरू होतानाच जुन्या गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि गणपतीत पाच मोदक तुपाची धार ओतून एका बैठकीला खाणं आता जमणार नाही; जठर सावकाश रिकामं होत असताना तूप तासन्‌तास वर राहतं. एक मोदक, सावकाश. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्यांना पेनाबद्दल आधी सांगा, उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेलं असू शकतं.

सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. यात माणसाच्या जिभेचा दोष कमी आणि शरीराच्या हिशेबाचा जास्त. वजन उतरलं की घ्रेलिन चढतं, चरबीतून येणारं लेप्टिन आणि आतड्यातलं पीवायवाय उतरतं, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा बदल वर्षभरानंतरही टिकून होता. पेन असेपर्यंत भुकेची ती हाक ऐकू येत नाही, पेन गेलं की ऐकू येते.

आणखी एक तोटा काट्यावर दिसत नाही. उतरलेल्या वजनातला बराच भाग स्नायूंचा असतो. भूक नाही म्हणून पेज आणि चहावर दिवस काढले तर हा भाग वाढतो. ७० किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं हवीत असं धरा (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच). बांगड्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २० ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम कोरड्या कुळथात अकराच्या आसपास. चार घासांत पोट भरत असेल तर ते चार घास कशाचे हे ठरवायला हवं. म्हणून पेन घेणाऱ्यानेही मासा भाताच्या आधीच खायचा, मात्र जीएलपी-१ सुटावं म्हणून नाही. ते अंगात आहेच. पोट भरायच्या आत मासा खाऊन व्हावा म्हणून.