नव्या फ्लॅटमध्ये ओल, तडे, पोकळ फरशी: बिल्डरकडून दुरुस्ती करून घेण्याची प्रक्रिया

नव्या इमारतीची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. पश्चिमेच्या भिंतीवर ओल उतरते, खिडकीच्या चौकटीतून पाणी झिरपतं, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर पुट्टीचे पापुद्रे सुटू लागतात. साइटवरच्या सुपरवायझरला सांगितलं की तो येतो, मोबाइलवर फोटो काढतो, ‘पाऊस थांबला की माणूस पाठवतो’ म्हणतो, आणि बघता बघता दिवाळी येते. एवढ्या दिवसांत तुमच्या हातात दाखवण्यासारखा एकही कागद नसतो. कायदा या बाबतीत फ्लॅटधारकाच्या बाजूने चांगलाच भक्कम आहे, पण तो चालू होतो तुम्ही दोष बिल्डरच्या निदर्शनास आणता त्या दिवसापासून. तो दिवस सिद्ध करता आला पाहिजे.

हक्क नेमका काय

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला संरचनात्मक दोष, कामाच्या दर्जातला दोष किंवा सेवासुविधांमधली उणीव बिल्डरला कळवली, तर त्याने ती ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायची असते. केली नाही, तर भरपाई मागता येते. त्याआधी महाराष्ट्रात १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याखाली ही मुदत ३ वर्षांची होती, आणि काही बिल्डरांच्या ऑफिसांतून अजूनही तोच आकडा सांगितला जातो. ‘आमची वॉरंटी एक वर्षाची’ हे तर सर्रास ऐकू येतं. ते नळ, गीझर, दिव्यांच्या फिटिंगबद्दल खरं असू शकतं. वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी आणि प्लंबिंगच्या कामाबद्दल नाही.

कलम नीट वाचलं तर ५ वर्षं आहेत ती दोष कळवण्यासाठी. चौथ्या वर्षी रीतसर कळवलेला दोष पाचवं वर्ष उलटलं म्हणून बाद होत नाही.

कोणाला तक्रार करता येते

मूळ खरेदीदाराला तर येतेच; रीसेलमध्ये फ्लॅट घेणाराही कायद्याच्या व्याख्येत बसतो, मात्र त्याने ५ वर्षं पहिल्या ताब्यापासून मोजावीत. भाडेकरूला हा हक्क नाही. गच्ची, पोडियम, लिफ्टचा डक्ट, बाहेरचं प्लास्टर, सांडपाणी प्रकल्प अशा सामाईक दोषांसाठी सोसायटीने तक्रार करावी. त्यासाठी ठराव करून एका पदाधिकाऱ्याला अधिकार द्यावा लागतो, आणि ठरावाची प्रत तक्रारीला जोडायची.

प्रकल्प महारेराकडे, म्हणजे रेराखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला हवा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा ८ पर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून वगळलेले आहेत. तसंच १ मे २०१७ ला कायदा पूर्ण लागू होण्याआधी पूर्णत्वाचा दाखला मिळालेलेही. अशा प्रकल्पांतल्या फ्लॅटधारकांनी सरळ ग्राहक आयोगाची वाट धरावी. गोव्यात कायदा हाच, पण प्राधिकरण आणि नियम तिथले वेगळे.

करारातली बारीक अक्षरं

नोटीस लिहिण्याआधी नोंदणीकृत करारनाम्यातलं दोषदायित्वाचं (दोष दुरुस्त करण्याच्या बिल्डरच्या जबाबदारीचं) कलम काढून वाचा. बऱ्याच करारांत तिथे एक परिच्छेद घुसवलेला असतो: फ्लॅटधारकाने बाथरूम, टॉयलेट किंवा किचनमध्ये लेखी परवानगीशिवाय फेरबदल केले तर दोषदायित्व संपलं, तापमानात २० अंशांहून जास्त फरक पडल्याने आलेले केसासारखे तडे हा दोष नव्हे, आणि दोष आहे की नाही हे तज्ज्ञ सर्वेक्षक ठरवणार. हे वाचून हात टेकू नका. कराराने कायद्याचं कलम पुसता येत नाही. पण पहिली अट खरोखर नडते. टाइल्स बदलून घेतल्या, नहाणीची जागा हलवली, आणि मग खालच्या फ्लॅटमध्ये गळती सुरू झाली, तर बिल्डर पहिलं बोट त्याच कामाकडे दाखवणार. इंटिरियरचं काम काढायच्या आधीच रिकाम्या फ्लॅटचे खोलीवार फोटो काढून ठेवा.

नोटीस

सगळ्यात जास्त वेळ या कागदावर घालवावा असं माझं मत आहे. वकील लागतोच असं नाही. ‘फ्लॅटमध्ये खूप लीकेज आहे, कृपया लक्ष द्यावे’ या वाक्याला पुढे कोणी विचारत नाही. दोष असा लिहा की न बघितलेल्या माणसालाही तो सापडेल: ‘मास्टर बेडरूम, पश्चिमेची भिंत, खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून स्कर्टिंगपर्यंत तिरका तडा, त्याच्या दोन्ही बाजूंना ओल, पाऊस थांबल्यावरही भिंत वाळत नाही.’ किंवा: ‘हॉलमधल्या फरशीच्या सोफ्याकडच्या तीन ओळी नाण्याने ठोकल्यावर पोकळ वाजतात.’ प्रत्येक दोषाला क्रमांक, त्याच क्रमांकाचा फोटो, आणि दोष पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख.

शेवटी कलम १४(३) चा उल्लेख करून ३० दिवसांत दुरुस्तीची मागणी करा आणि पाहणीसाठी तुम्हाला सोयीचे दिवस कळवा. हे पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि तेच करारातल्या ईमेलवरही धाडा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडपुरावा म्हणून ठेवावं. त्यावर विसंबून राहू नये.

नोटिशीनंतर बिल्डरची माणसं आली तर त्यांना अडवू नका. ‘आम्ही गेलो होतो, यांनी दार उघडलं नाही’ हा बचाव फार चालतो. मात्र नुसती पुट्टी मारून रंग लावून देणार असतील, तर काय काम करणार हे आधी लिहून मागा. आणि काम संपल्यावर समोर धरलेल्या ‘काम समाधानकारक’ फॉर्मवर लगेच सही करू नका. ‘पुढच्या पावसाळ्यात तपासणीच्या अधीन’ असं स्वतःच्या हाताने लिहून मग करा.

गळती इतकी असेल की थांबणं शक्यच नाही, तर तसं कळवून स्वतः दुरुस्ती करून घ्यावी. आधीचे-नंतरचे फोटो, इंजिनिअरचा अहवाल आणि जीएसटीची पक्की बिलं ठेवावीत. खर्च भरपाईत मागता येतो.

कागदपत्रं

नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स २ (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा गोषवारा), पैसे भरल्याच्या पावत्या, ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, नोटीस व पोचपावती, झालेला ईमेल व्यवहार, फोटो. तडे बीम-कॉलममध्ये असतील किंवा भरपाईची रक्कम मोठी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक. ताबापत्राची तारीख नीट बघा: भोगवटा प्रमाणपत्राआधी ‘फिट-आउट’साठी, म्हणजे आतलं काम करून घेण्यासाठी, चावी दिली असेल, तर ५ वर्षं कुठून मोजायची यावर वाद होतो. आधीची तारीख धरून चालणं शहाणपणाचं.

महारेराकडे तक्रार

३० दिवस गेले आणि काही झालं नाही, की महारेराच्या संकेतस्थळावर खातं उघडून ऑनलाइन तक्रार भरायची. प्रकल्पाचा ‘पी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो, तो करारावर आणि जाहिरातीवर असतो. शुल्क ५,००० रुपये. बाजू स्वतः मांडता येते, किंवा वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी यांच्यामार्फत.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दुरुस्तीचा आदेश देणारं प्राधिकरण वेगळं आणि भरपाई ठरवणारा न्यायनिर्णय अधिकारी वेगळा. दोन्ही हवं असेल तर मागण्या वेगवेगळ्या, स्पष्ट लिहाव्या लागतात. भरपाईचा अर्ज कलम ७१ खाली जातो. दोन्ही बाजू तयार असतील तर महारेराच्या सलोखा मंचाचाही पर्याय आहे. फुटकळ दोषांसाठी तो खरोखर बरा, कारण बिल्डरलाही सुनावण्यांचा कंटाळा असतोच.

आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील होतं. भरपाईच्या आदेशाविरुद्ध बिल्डरला अपील करायचं असेल, तर सगळी रक्कम व्याजासह आधी जमा करावी लागते. त्यामुळे उगाच अपिलं कमी होतात. भरपाईचे पैसे दिले नाहीत तर वसुली आदेश निघतो आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. कागदावर हे जोरदार वाटतं. प्रत्यक्षात तहसील कार्यालयात फाइल पुढे सरकते की नाही हे तुम्हालाच जाऊन बघावं लागतं. दुरुस्तीचा आदेश धुडकावला तर कलम ६३ खाली रोजच्या रोज वाढणारा दंड आहे, एकूण प्रकल्पखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. आदेशाचं पालन झालं नाही असा वेगळा अर्ज त्यासाठी करावा.

ग्राहक आयोग

रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. एकाच दोषासाठी दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. दुसरीकडे प्रकरण प्रलंबित नाही, असं महारेराच्या अर्जातच लिहून द्यावं लागतं. मुख्यतः दुरुस्तीच हवी असेल तर महारेरा बरं. मनस्ताप, भाड्याने राहण्याचा खर्च, खराब झालेलं फर्निचर असा पैशांचा हिशेब मोठा असेल तर ग्राहक आयोगाचा विचार करावा, आणि तो २ वर्षं उलटायच्या आत.