पीसीआर आणि एमसीआर: ताबा कुणाकडे, किती दिवस?

'चार दिवसांची पीसीआर दिली', 'एमसीआर झाली'. कोर्टाच्या आवारात रोज कानावर पडणारी वाक्यं. पहिली पोलीस कोठडी, दुसरी न्यायालयीन. एमसीआर झाली की पोलिसांचा संबंध संपला असं नातेवाईक धरून चालतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली, तेव्हापासून हा समज महागात पडतो.

पीसीआरमध्ये आरोपी लॉकअपमध्ये, तपासी अंमलदाराच्या ताब्यात. अटकेपासून 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, आणि पीसीआर हवी तर प्रत्यक्षच. व्हिडिओवर भागत नाही. रिमांड रिपोर्टमध्ये, म्हणजे कोठडी मागणाऱ्या पोलिसांच्या अहवालात, ठोस कारण हवं: हत्यार हस्तगत करायचंय, साथीदार फरार आहे. नुसतं 'सखोल तपास करायचा आहे' लिहिलं असेल तर आरोपीच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवावं. चौकशीत वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. मात्र 'कोयता विहिरीत टाकला' असं आरोपीने सांगितलं आणि कोयता तिथे सापडला, तर तेवढं वाक्य चालतं. पीसीआरसाठी पोलिसांची धडपड असते ती यासाठी.

एमसीआर म्हणजे कारागृह. तिथे चौकशीला पोलिसांना कोर्टाची परवानगी लागते. मुदत मात्र व्हिडिओवरूनही वाढते.

खरी गोम दिवसांच्या हिशेबात आहे. पीसीआर एकूण 15 दिवसच, आणि पूर्वी ती पहिल्या 15 दिवसांतच घ्यावी लागे. आता संहितेच्या कलम 187 नुसार, दोषारोपपत्राला 60 दिवसांची मुदत असलेल्या गुन्ह्यात पहिल्या 40 दिवसांत, 90 ची मुदत असलेल्या गुन्ह्यात पहिल्या 60 दिवसांत ती तुकड्यातुकड्याने मागता येते. चार दिवसांत एमसीआर झालेल्याला तिसाव्या दिवशीही उरलेल्या 11 दिवसांसाठी परत नेता येतं. (मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, त्याचं गणित वेगळं.) पण पहिल्या 15 दिवसांनंतर पीसीआर लागेल, एवढ्याच कारणावर जामीन नाकारता येत नाही; कलम 480 वकिलाने हाताशी ठेवावं.

60 किंवा 90 दिवसांत दोन्ही कोठड्या मोजल्या जातात, अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडच्या (कोठडीच्या आदेशाच्या) दिवसापासून, तो दिवस धरून. रिमांड 1 मार्चला, तर साठावा दिवस 29 एप्रिल. तोवर दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच होतो; 30 एप्रिलला कोर्ट उघडताच जामिनाचा अर्ज द्यावा. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं, तर तो हक्क गेला.