दोन ठिकाणी नोंदलेले एकच नाते

पुस्तकांची माहिती देणाऱ्या एखाद्या वेब ॲप्लिकेशनमध्ये पुस्तकाच्या नावाखाली लेखकाचे नाव दिसते, तेव्हा ते सहसा पुस्तकांच्या टेबलातून आलेले नसते. तिथे फक्त लेखकाचा क्रमांक असतो. नाव आणि इतर तपशील लेखकांच्या टेबलात त्या क्रमांकापुढे एकदाच नोंदलेले असतात. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलचा हा गाभा आहे: नोंदींमधले नाते साठवणीतल्या एखाद्या साखळीवर अवलंबून नसते, दोन ठिकाणची मूल्ये सारखी असणे एवढेच पुरते. पुस्तकाच्या नोंदीतल्या अशा क्रमांकाला ‘फॉरेन की’ म्हणतात.

प्रोग्रॅम लिहिणारा मात्र बहुतेक वेळा थेट टेबलांशी बोलत नाही. रूबी ऑन रेल्स, जँगो किंवा सीक्वलाइझ यांसारख्या साधनांमध्ये तो ‘पुस्तक’ आणि ‘लेखक’ अशी मॉडेल्स, म्हणजे टेबलांची प्रोग्रॅममधली प्रतिरूपे, लिहितो आणि पुस्तक लेखकाचे आहे, लेखकाची अनेक पुस्तके आहेत, असे त्यांत जाहीर करतो. यामुळे एकच नाते दोन ठिकाणी नोंदले जाते, एकदा डेटाबेसच्या रचनेत आणि एकदा प्रोग्रॅममध्ये, आणि असोसिएशनच्या, म्हणजे मॉडेलांमधल्या अशा नात्यांच्या, बहुसंख्य चुका या दोन नोंदींचा मेळ न बसल्यामुळे घडतात. म्हणूनच एरर दिसताच मॉडेलची फाईल उघडून शब्द बदलत बसण्याऐवजी आधी प्रत्यक्ष टेबलात कोणते कॉलम आहेत हे पाहावे, आणि साधनाने तयार केलेली एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला त्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न, लॉगमधून (घडामोडींच्या नोंदीतून) काढून वाचावी, असे माझे ठाम मत आहे. प्रोग्रॅमला काय अपेक्षित आहे हे त्या क्वेरीत उघड दिसते.

नेहमी आढळणारा घोटाळा दिशेचा असतो. फॉरेन की ज्या टेबलात आहे, त्याच टेबलाच्या मॉडेलमध्ये रेल्समधली ‘बिलाँग्ज टू’ (‘याचे आहे’) ही घोषणा यायला हवी. तिथे चुकून ‘हॅज वन’ (‘याच्याकडे एक आहे’) लिहिले, तर रेल्स तो कॉलम समोरच्या टेबलात शोधते आणि असा कॉलमच नाही अशी तक्रार येते. कॉलम अस्तित्वात असतो, पण शोध भलत्या टेबलात चाललेला असतो. नावांचेही तसेच. नात्याच्या नावावरून रेल्स क्लासचे आणि कॉलमचे नाव ताडते, त्यामुळे नाव रूढ पद्धतीबाहेरचे असेल तर ते स्पष्ट सांगावे लागते. जँगोमध्ये एकाच पुस्तकातून लेखक आणि अनुवादक अशी दोन नाती ‘व्यक्ती’ या एकाच मॉडेलकडे गेली, तर उलट दिशेने पुस्तके मागण्यासाठीचे आपोआप ठरणारे नाव दोन्हींसाठी एकच होते, आणि ‘रिलेटेड नेम’ देऊन ती वेगळी करेपर्यंत जँगोची तपासणी पुढे जाऊ देत नाही. सीक्वलाइझमध्ये नात्याला दिलेले टोपणनाव क्वेरीतही अक्षरशः तेच असावे लागते.

काही वेळा नावे बरोबर असूनही प्रकार जुळत नाहीत. रेल्स ५.१ पासून नव्या टेबलांची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीचा स्वतःचा क्रमांक, ‘बिगइंट’ (मोठा पूर्णांक) असते, तर जुन्या टेबलांत ती साधी ‘इंट’ (लहान पूर्णांक) असते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये दोन्ही बाजूंच्या पूर्णांकांचा आकार आणि चिन्ह सारखे नसेल, तर फॉरेन कीचे बंधन, म्हणजे समोरच्या टेबलात नसलेला क्रमांक नाकारण्याचा डेटाबेसचा नियम, घालताच येत नाही.

या सगळ्या चुका निदान बोलतात. न बोलणाऱ्या चुका मला अधिक गंभीर वाटतात. प्रोग्रॅममध्ये नाते लिहिले, पण डेटाबेसमध्ये बंधन घातलेच नाही, तर लेखकाची नोंद पुसली गेल्यावरही त्याची पुस्तके त्या नाहीशा झालेल्या क्रमांकासह तशीच राहतात, आणि कित्येक दिवसांनी कुणी ते पान उघडले की ते कोसळते. मॉडेलमधली तपासणी इथे पुरेशी नसते, कारण वेगळ्या स्क्रिप्टने थेट डेटाबेसमध्ये केलेले बदल तिच्यातून जात नाहीत, शिवाय तपासणी आणि नोंद यांच्यामधल्या क्षणात दुसरी विनंती लेखकाला पुसून टाकू शकते. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावे: तिथे बंधन लिहिलेले असले तरी त्याची अंमलबजावणी सहसा मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनसाठी ती चालू करावी लागते.

अशा पोरक्या नोंदी शोधणे सोपे आहे. पुस्तकांना लेखकांशी ‘लेफ्ट जॉइन’ने, म्हणजे लेखक सापडला नाही तरी पुस्तकाची ओळ राखणाऱ्या जोडणीने, जोडावे, आणि ज्यांच्या फॉरेन कीमध्ये क्रमांक आहे पण लेखकाची बाजू ‘नल’ (रिकामी) येते, त्या ओळी वेगळ्या काढाव्यात. त्यांचे काय करायचे, हा निर्णय मात्र यंत्रावर सोपवता येत नाही: पुस्तक पुसायचे, फॉरेन की रिकामी करायची, की योग्य लेखक शोधून पुन्हा जोडायचे, हे त्या माहितीचे मोल जाणणाऱ्यानेच ठरवावे. पुढच्या काळासाठीही हाच प्रश्न उरतो, आणि म्हणूनच २०१७ साली आलेल्या जँगो २.० पासून फॉरेन की लिहिताना ‘ऑन डिलीट’, म्हणजे समोरची नोंद पुसल्यास काय करायचे, हे सांगणे सक्तीचे झाले. टेबल मोठे आणि सतत वापरात असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बंधन आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून घालता येते; त्यामुळे नव्या नोंदी लगेच तपासल्या जाऊ लागतात, आणि जुन्यांची साफसफाई झाल्यावर ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ची आज्ञा देऊन त्यांचीही पडताळणी करता येते.