चेंडू आपल्याकडे येत नाही तेव्हा

परवा ताईकडे गेलो होतो. भाच्याच्या बंद खोलीतून ड्रमचा दणदणाट आणि किंचाळणं ऐकू येत होतं. "असलं ऐकून पोरं भलत्या टोळक्यांत शिरतात म्हणे, खरं का रे?" ताईनं चहा गाळता गाळता विचारलं.

हा संशय जुना आहे. मेटल या दणदणाटी रॉक प्रकारातल्या ज्युडास प्रीस्ट बँडनं गाण्यात छुपे आदेश पेरलेत, असा खटला १९९० साली अमेरिकेत नेवाडा राज्यात चालला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. गाण्यातून डोक्यात आदेश शिरतात असं मानणं आणि पोराची दृष्ट काढणं, यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

पंक या बंडखोर रॉक संगीताचंच बघा. १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये स्क्रूड्रायव्हर नावाचा चारचौघांसारखा पंक बँड निघाला. पुढे त्याचा गायक इयन स्टुअर्ट डोनाल्डसन उघड नवनाझी झाला आणि १९८७ मध्ये 'ब्लड अँड ऑनर' हे वंशद्वेषी संगीताचं जाळं त्यानं उभं केलं. त्याच पंकमधून १९७९ मध्ये लंडनचा एलियन कल्चरही आला. त्यातले तिघे पाकिस्तानी घरांतले. म्हणजे खोट सुरांत नाही. मग पोरं असल्या टोळक्यांकडे ओढली का जातात?

मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स एकदा बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी येऊन त्यांच्या पाठीला लागली. त्यांनी ती परत फेकली आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं त्या दोघांनी यांच्याकडे फेकणंच बंद केलं. विल्यम्सना ते इतकं लागलं की पुढे त्यातून 'सायबरबॉल' हा प्रयोग निघाला. पडद्यावर तीन आकृत्या एकमेकींकडे चेंडू टाकतात. त्यातली एक म्हणजे तुम्ही. सुरुवातीला एक-दोनदा चेंडू मिळतो, मग नाहीच. दोनतीन मिनिटांचा मामला, पण तेवढ्यानं माणसाची आपलेपणाची भावना, स्वतःची किंमत, परिस्थितीवरची पकड आणि जगण्याला अर्थ असल्याची जाणीव, चारही मोजमापं खाली येतात. समोर माणसं नसून संगणक आहे असं आधी सांगितलं तरीही!

२००३ मध्ये हाच खेळ मेंदूच्या स्कॅनरमध्ये खेळवला, तेव्हा शारीरिक वेदनेशी जोडलेला एक भाग उजळला. त्यावरून 'मेंदूला दोन्ही वेदना सारख्याच' अशा बातम्या झाल्या. त्या जरा जपूनच घ्याव्यात. तो भाग इतरही बऱ्याच कामांत उजळतो.

मला खरा भिडला तो २००७ चा ऑस्ट्रेलियातला प्रयोग. खेळणाऱ्यांना सांगितलं, समोरचे दोघे कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वंशद्वेषी संघटनेचे आहेत. म्हणजे ज्यांचं तोंड पाहायची इच्छा नसावी असे लोक. त्यांनी चेंडू दिला नाही, तरी आपल्या पक्षाच्या माणसांनी टाळल्यावर होतं तेवढंच वाईट वाटलं. 'गेले उडत' असं म्हणायचं विचारी मन मागाहून जागं होतं. कळ आधी उठते. इथून पुढचं अनुमान माझं: शाळेत, गल्लीत, कामावर वर्षानुवर्षं चेंडू न मिळालेल्या पोराला कुणी तो टाकला, तर टाकणाऱ्याच्या दंडावर काय गोंदलंय हे ते आधी बघणार नाही.

त्यात शरीरही साथ देतं. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेहनत तेवढीच, पण एकत्र वल्हवल्यावर दंडाला आवळलेला रक्तदाबाचा पट्टा त्यांना जास्त सोसला. याचं श्रेय मेंदूतल्या एंडॉर्फिन या वेदनाशामकाला दिलं जातं. ढोलपथकात वाजवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मेटलच्या मैफलीत मंचासमोर धक्काबुक्कीचा जो 'मॉश पिट' होतो, त्याचं गणित अमेरिकेत कॉर्नेलच्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलं. चित्रफितींतल्या माणसांचे वेग मोजले, तर ते वायूच्या रेणूंच्या वेगांचं वर्णन करणाऱ्या मॅक्सवेल-बोल्ट्झमन वितरणात बसले. त्यांच्या प्रारूपात प्रत्येक बिंदूला चार गोष्टी दिल्या होत्या: शेजाऱ्याला ढकलणं, स्वतःचा रेटा, आसपासच्यांची दिशा धरणं आणि थोडी यदृच्छा. पिटमध्ये मात्र एक अलिखित नियमही असतो, पडलेल्याला लगेच उचलायचं. तो हात त्या समीकरणात नव्हता.