शेल शॉक : कथासाहित्यातील चित्रण

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सैनिकांना झालेल्या मानसिक आघाताला ‘शेल शॉक’ म्हणत. अंग थरथरणे, वाचा जाणे, स्मृती हरपणे, रात्री भीतीने ओरडत उठणे ही त्याची लक्षणे. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ही संज्ञा वापरली. जवळ फुटलेल्या तोफगोळ्याच्या हादऱ्याने हे होते, असा आधी समज होता; पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता तेही आजारी पडू लागले. लष्कराला यात पुष्कळदा भेकडपणाच दिसला. पलायन, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली.

कथालेखकांनी हा आजार इस्पितळापेक्षा घरात पाहिला, हे त्यांचे मोठेपण. रिबेका वेस्ट यांची ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’ (१९१८) युद्ध चालू असतानाच आली. तिच्यातला ख्रिस परततो तो मागची पंधरा वर्षे विसरून. बायको त्याला परकी वाटते. तरुणपणी जिच्यावर जीव होता आणि आता जी दुसऱ्याची पत्नी आहे, ती मार्गारेटच त्याला हवी असते. त्याला भानावर आणायला त्याच्या मेलेल्या मुलाच्या वस्तू दाखवाव्या लागतात आणि त्या घेऊन मार्गारेटच जाते. बरा झाला की तो पुन्हा खंदकात जाणार, हे ठाऊक असूनही.

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’मधला (१९२५) सेप्टिमस हे या विषयातले सर्वांत खोल चित्र म्हणावे लागेल. जिवलग अधिकारी एव्हान्स मारला जातो, तेव्हा आपण डगमगलो नाही याचे सेप्टिमसला समाधान वाटते. पुढे लक्षात येते की आपल्याला काही वाटतच नाही. त्या धास्तीतच तो मिलानमध्ये टोप्या शिवणाऱ्या रेझियाशी लग्न ठरवतो. लंडनमध्ये तिला ना माहेर जवळ, ना कुणाची सोबत. तिला मूल हवे असते. असल्या जगात मूल आणायचे नाही, असे त्याचे म्हणणे. डॉक्टर सांगतात, काही झालेले नाही. शेवटच्या दुपारी दोघे मिळून एक टोपी सजवतात, कितीतरी दिवसांनी हसतात. तेवढ्यात जिन्यावर डॉक्टरांची पावले वाजतात. रेझिया त्यांची वाट अडवू पाहते आणि सेप्टिमस खिडकीतून उडी टाकतो.

जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्क यांच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये (१९२९) आघात मौनातून दिसतो. रजेवर आलेल्या पाउलकडून वडिलांना आघाडीच्या हकिकती ऐकायच्या असतात. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आजारी आई विचारते, तिकडे फार वाईट होते का? तो नाही म्हणतो. मेलेल्या मित्राच्या आईलाही तो शपथेवर सांगतो की मुलाला मरताना यातना झाल्या नाहीत. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘सोल्जर्स होम’ (१९२५) कथेतला क्रेब्ज आईला सरळ सांगतो की आपले कुणावरच प्रेम नाही, आणि ती रडू लागली की शब्द मागे घेतो.

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची हिंदी कथा ‘उसने कहा था’ (१९१५) वेगळी आहे. खंदकातल्या लहनासिंहाचे नाते युद्धाने तुटत नाही. लहानपणी अमृतसरच्या बाजारात भेटलेली मुलगी पुढे सुभेदारीण झालेली असते. नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ, असे तिने त्याला विनवलेले असते. तो आपली जखम लपवतो, त्या दोघांना गाडीत बसवून पाठवून देतो आणि मरताना तीच जुनी भेट बरळत राहतो. कथेच्या शेवटी वर्तमानपत्रातल्या यादीत त्याचे नाव येते : हुद्दा, पलटण आणि जखमांनी मेल्याची नोंद, एवढेच.