हातभर अंतरावरचं नाक

नवरात्र आलं की बडोद्यात चणियाचोळी आणि केडियूबरोबर सेल्फीचाही हंगाम सुरू होतो. गरब्याच्या मैदानात शिरण्याआधी दहा-पंधरा फोटो, आणि मग ठरलेली कुरकुर: "आरशात बरी दिसते गं, फोटोत नाक केवढं येतं!" दोष जातो नाकाला, फार तर लेन्सला. खरी गोम अंतरात आहे.

गणित शाळेतलंच. अंतर दुप्पट झालं की प्रतिमा निम्मी होते. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत चेहऱ्याची खोली साधारण 12 सेंमी धरू. कोपर वाकवून फोन नाकापासून 30 सेंमीवर धरला, तर कान 42 सेंमीवर पडतात. 30 भागिले 42 म्हणजे 0.71, नाकाच्या मानाने कान 29 टक्के लहान उमटले. समोरचा माणूस दीड मीटरवरून पाहतो तेव्हा हेच गुणोत्तर 150 भागिले 162, म्हणजे 0.93 असतं. 0.93 ला 0.71 ने भागा: कानांच्या तुलनेत सेल्फीतलं नाक सुमारे 30 टक्के फुगलेलं. हात पूर्ण ताणून फोन 55 सेंमीवर नेला तर फुगवटा 13 टक्क्यांवर उतरतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे बोरिस पॅस्कोव्हर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सरासरी चेहऱ्याचं असंच प्रारूप मांडलं. 12 इंचांवरून नाकाची रुंदी पाच फुटांच्या मानाने पुरुषांत 30 आणि स्त्रियांत 29 टक्के जास्त भासते, असं त्यात निघालं.

मग आरसा का फसवत नाही? आरसा 50 सेंमीवर असला तरी प्रतिमा त्याच्या मागे तेवढीच आत असते. म्हणजे आपण स्वतःला 100 सेंमीवरून पाहतो! तिथे 100 भागिले 112, म्हणजे 0.89, फुगवटा जेमतेम 4 टक्के.

झूमबद्दलचा गैरसमजही इथेच मिटतो. जागा न बदलता झूम केल्याने नाक-कानाचं प्रमाण तसूभरही बदलत नाही. झूममुळे फक्त लांब उभं राहूनही चेहरा चौकटीत मोठा येतो. म्हणून फोन दीड मीटरवर, डोळ्यांच्या उंचीवर टेकवा, मागचा कॅमेरा दुप्पट झूमवर ठेवा आणि 10 सेकंदांचा टायमर लावा. ग्रुप फोटोत मात्र कडेला उभं राहू नका. तिथे रुंद कोनाची लेन्स चेहरा आडवा ताणते. हा दोष वेगळा, तो अंतराचा नसून रुंद कोनाचा.

नाक बारीक करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन मिळतात. नाकाला आकार देणारी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, लवचीक असते, क्लिप काढली की ती मूळ आकारात परतते. राहतो तो कातडीवरचा लाल वळ.

ब्यूटी फिल्टर भूमितीच्या पलीकडचं काम करतो, कारण तो फोटोबरोबर नजरही बदलतो. पिवळा चष्मा तासभर घातला की पांढरा कागद पांढराच वाटू लागतो. शरीरांच्या बाबतीतही मेंदू हेच करतो. प्रयोगांत सडपातळ केलेल्या शरीरांची चित्रं काही मिनिटं पाहिल्यावर लोकांना नेहमीचा बांधा जाड भासला. जाड केलेली चित्रं दाखवली तेव्हा उलट झालं. 'साधारण' या मापाचा काटाच सरकतो. प्रयोगशाळेत तो लवकर परत येतो, पण रील्स रोज तासन् तास पाहिल्या जातात.

काटा समाजभर सरकतानाची नोंद फिजीतली आहे. नाड्रोगा भागात टीव्ही 1995 मध्ये आला. मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी त्याच सुमारास आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. प्रश्नावलीत खाण्याच्या बिघडलेल्या सवयींकडे बोट दाखवणारे गुण मिळवणाऱ्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी करणारी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. दुसऱ्या पाहणीत 11.3 टक्के होत्या. तेव्हा सेल्फीचा कॅमेरा कुणाच्याच हातात नव्हता.