वाचनालयातली संध्याकाळ: व्याख्यानापासून अभिवाचनापर्यंत

गावातल्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा असतो. त्यावर खडूने लिहिलेले असते: आज सायंकाळी 6 वाजता कथाकथन, प्रवेश सर्वांना खुला. आत देव-घेवीच्या खिडकीवर पुस्तक बदलून घेणाऱ्याला वाटते की पुस्तके हे वाचनालयाचे खरे काम आणि फळ्यावरची सूचना हा वरचा हौसेचा भाग. बहुतेक कार्यकारी मंडळेही तसेच समजतात. महाराष्ट्रातल्या वाचनालयांचा मागचा दोनशे वर्षांचा प्रवास पाहिला तर मात्र हा क्रम इतका सरळ दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी बोलणारी माणसे आधी जमली आणि कपाटे नंतर भरली.

मुंबईत 1804 मध्ये सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने लिटररी सोसायटी निघाली. तीच पुढची एशियाटिक सोसायटी. सभासदांनी एकत्र येऊन निबंध वाचावेत आणि त्यांवर चर्चा करावी, हा तिचा मूळ हेतू. ग्रंथालय वाढत गेले ते या मंडळींच्या सोयीसाठी. दार अर्थातच युरोपियनांपुरते उघडे होते. माणकजी करसेटजी हे तिथले पहिले हिंदी सभासद झाले ते 1840 मध्ये, म्हणजे तब्बल 36 वर्षांनी.

तोवर जिल्ह्याच्या गावी वाचनालये उभी राहू लागली होती. रत्नागिरीला 1828, नगरला 1838, नाशिकला 1840. पाठोपाठ पुणे (1848), कोल्हापूर (1850), सोलापूर (1853), कल्याण (1864). यांतल्या अनेकांचे मूळ नाव ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे होते. साहेब लोकांची लायब्ररी वेगळी, म्हणून ही नेटिव्हांची. पुण्याच्या लायब्ररीमागे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख होते, आणि त्याच 1848 मध्ये ‘प्रभाकर’ पत्रात त्यांची शतपत्रे सुरू झाली. एकाच माणसाने एकाच वर्षी ही दोन कामे हाती घ्यावीत याचे नवल वाटायला नको. लोकांना जागे करायचे होते, आणि मराठीत छापलेली पुस्तके तेव्हा फारच थोडी होती. नुसत्या पुस्तकांवर वाचनालय चालवायचे म्हटले तर वर्षभरात वाचून संपावे अशी स्थिती. शिवाय वाचता येणारे किती? जे कपाटात नव्हते ते कोणीतरी उभे राहून सांगणे भागच होते.

1848 हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. सभेत निबंध वाचायचा, त्यावर बोलणे व्हायचे, आणि 1850 पासून यातले लेखन ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात येऊ लागले. म्हणजे आधी ऐकलेले, मग छापलेले, मग वाचनालयाच्या मेजावर ठेवलेले. आज आपण पुस्तक छापून झाल्यावर त्याचा प्रकाशन समारंभ करतो. तेव्हा प्रवास उलटा होता.

मुंबईतच 1847 मध्ये टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या कारागिरांनी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट स्थापन केली होती. कामगाराने दिवसभर हातोडा चालवावा आणि संध्याकाळी यंत्रशास्त्रावरचे व्याख्यान ऐकावे, ही इंग्लंडातली कल्पना. काळा घोड्याजवळची, 1870 मध्ये पुरी झालेली डेव्हिड ससून लायब्ररीची इमारत त्या संस्थेची. ‘संध्याकाळ’ ही वेळ इथे नीट कळते. दिवसा काम करणाऱ्या माणसाचा मोकळा वेळ म्हणजे संध्याकाळ. कचेरी सुटली, दिवेलागण व्हायची आहे, घरी जेवायला अजून अवकाश आहे, तेवढाच वेळ वाचनालयाच्या वाट्याला आला.

पण साहेबाने सभा शिकवली आणि आपण शिकलो, एवढ्यावर हे आटोपत नाही. मराठी माणसाला संध्याकाळी एकत्र बसून ऐकायची सवय फार जुनी. देवळात पुराणिक चातुर्मासभर पोथी सांगत, कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंग रंगवीत. नवे व्याख्यान या सवयीवर येऊन बसले, आणि आजही वाचनालयातला कोणताही कार्यक्रम नीट पाहिला तर दोन्ही घराणी ओळखू येतात. अध्यक्षांची निवड, सूचना आणि अनुमोदन, प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय, अध्यक्षीय समारोप, आभार, हे सगळे इंग्रजी सभेचे. वक्त्याच्या हाती नारळ देणे, गळ्यात हार घालणे, समोर सतरंजीवर मांडी घालून बसणे, हे कीर्तनातले. खरा फरक एकच होता आणि तो मोठा होता. बुवांना कोणी मध्ये थांबवून विचारत नसे, ‘याला आधार काय?’ व्याख्यात्याला विचारता येत असे. शंका घेण्याची मुभा असलेली बैठक ही एकोणिसाव्या शतकातली खरी नवी गोष्ट. (कीर्तनातला बुक्का मात्र या बदलात मागे पडला, आणि त्याची जागा चहाने घेतली.)

या सवयीला वर्षाचे ठरलेले वेळापत्रक दिले ते न्यायमूर्ती रानडे यांनी. 1875 मध्ये त्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वसंत ऋतू निवडण्यामागे काव्य कमी, व्यवहार जास्त. मे महिन्यात न्यायालये आणि शाळा-कॉलेजे बंद असतात, त्यामुळे वकील, शिक्षक आणि विद्यार्थी तिघेही मोकळे. वक्ते त्यांच्यातूनच यायचे आणि श्रोतेही. पुढे गावोगावी निघालेल्या वसंत आणि शारदीय व्याख्यानमालांचा साचा हाच. नाशिकची माला तर गोदाघाटावर उघड्यावर भरते. अनेक ठिकाणी व्याख्यानमाला आणि वाचनालय चालवणारी माणसे तीच असत. एका वहीत सभासदांची वर्गणी आणि दुसऱ्या वहीत वक्त्यांचा प्रवासखर्च.

1878 च्या मे महिन्यात रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्याच्या हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरवली. आज आपण ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो त्याची सुरुवात इथून धरतात. महिना पुन्हा मेच. दुसरी सभा 1885 मध्ये पुण्यातच झाली. तिचे निमंत्रण महात्मा फुल्यांना गेले आणि त्यांनी ते नाकारले. ज्यांच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांना जागा नाही त्यांच्यात मिसळून आमचे काय भले होणार, असा त्यांच्या पत्राचा रोख. उंटावरून शेळ्या वळणाऱ्या घालमोड्या दादांवरचा तो फटका आजही उद्धृत होतो. साहित्यिक संध्याकाळींचे गोडवे गाताना हे पत्र विसरता येत नाही. ‘प्रवेश सर्वांना खुला’ या पाटीतला ‘सर्वांना’ हा शब्द फार काळ कागदावरच होता. सतरंजी कोणासाठी अंथरली आहे हे न सांगताही सगळ्यांना माहीत असे, आणि बायकांची बसण्याची जागा वेगळी.

म्हणूनच 1924 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांकडे लक्ष जाते. वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासमंडळे उघडून संस्कृतीचा प्रसार करावा, असे त्यांत म्हटले होते. तिन्ही गोष्टी एकाच दमात. पुस्तक, जमण्याची जागा आणि एकत्र बसून केलेला विचार यांची फारकत तिथे केलेलीच नाही. वाचनालय कशाला म्हणावे याची याहून नेटकी व्याख्या मला तरी माहीत नाही.

मधल्या काळात पुस्तकांची बाजू बदलली होती. विनायक लक्ष्मण भावे यांच्या प्रयत्नाने 1893 मध्ये ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, 1898 मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. ‘नेटिव्ह जनरल’ जाऊन नावातच ‘मराठी’ आले. आता मराठी पुस्तके जमवता यावीत इतकी होती. पुस्तके वाढली तसे व्याख्यानाचे जुने काम, म्हणजे पुस्तकाची उणीव भरून काढणे, हळूहळू संपत आले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या खात्यात चित्रे दाखवून लोकशिक्षण करणारा स्वतंत्र विभागही होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ग्रंथालयात काहीतरी मिळाले पाहिजे, हा विचार त्या काळाच्या बराच पुढचा.

व्याख्यानाच्या जागी कला कधी आली, याची एक तारीख सांगता येणार नाही. पण 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमले आणि माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी आपल्या कविता लोकांसमोर गाऊन म्हणू लागली, तेव्हा श्रोत्यांच्या कानाला नवी गोडी लागली एवढे नक्की. कविता ही सांगायची, समजावायची वस्तू न राहता ऐकायची झाली. स्वातंत्र्यानंतर ध्वनिक्षेपक गावोगावी पोचला आणि या गोडीला बळ आले. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी एकत्र काव्यवाचने केली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाला तमाशाच्या फडासारखी गर्दी खेचून दाखवली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मर्ढेकर-बोरकरांच्या कवितांचे वाचन करून श्रोत्यांना शांत बसून ऐकायला लावले.

या बदलाने वाचनालयांचे भले केले तसे थोडे बिघडवलेही, असे माझे मत आहे. कथाकथनाला माणसे येतात हे कळल्यावर रूक्ष विषयांवरच्या व्याख्यानांना तारीख मिळेना. शंका विचारण्याची जुनी मुभाही गेली, कारण कवितेला कोण शंका विचारणार? टाळ्या द्यायच्या आणि ‘वन्स मोअर’ म्हणायचे. दुसरीकडे, पुस्तकाला कधी हात न लावणारा माणूस त्या निमित्ताने वाचनालयाची पायरी चढला आणि जाताना सभासदत्वाचा अर्ज घेऊन गेला, हेही खरे.

कायद्याने या संध्याकाळींकडे फारसे पाहिले नाही. मुंबई सरकारने 1939 मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरणारी रचना तिने सुचवली. तिची अंमलबजावणी 1947 पासून सुरू झाली. मग महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा, 1967. मद्रासने 1948 च्या कायद्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा जादा कर, बसवला होता, महाराष्ट्राने तो टाळला. वाचनालये लोकांच्या संस्थांकडेच राहिली आणि सरकार अनुदान देऊ लागले. अ, ब, क, ड हे वर्ग आले. वर्ग टिकवायचा तर पुस्तके किती, सभासद किती, नियतकालिके किती, वाचनालय रोज किती तास उघडे, यांचा हिशेब द्यावा लागतो. राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या घरात गेली ती या पद्धतीमुळे. पण अनुदान पगार आणि पुस्तकखरेदीत संपते. वक्त्याचे मानधन, मांडव, माईकवाला आणि चहा यांची सोय संस्थेने आपली आपण बघायची.

ती सोय दोन वाटांनी झाली. एक वाट सभागृहाची. वाचनालयाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सभागृह बांधायचे, ते इतरांना भाड्याने द्यायचे आणि त्या पैशात आपले कार्यक्रम करायचे. दादर सार्वजनिक वाचनालयाचा धुरू हॉल किंवा नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम सायखेडकर नाट्यगृह यांची नावे अशा माणसांनाही ठाऊक असतात ज्यांनी खालच्या मजल्यावरचे एकही पुस्तक घरी नेलेले नाही. काही गावांत लग्नाच्या मुहूर्तांवर व्याख्यानाच्या तारखा ठरतात, उलट कधीच नाही.

दुसरी वाट स्मृतिव्याख्यानांची. कोणी वडिलांच्या, कोणी पत्नीच्या, कोणी शिक्षकांच्या नावाने कायम ठेव देतो, तिच्या व्याजातून दरवर्षी एक व्याख्यान किंवा एक मैफल. म्हणूनच तर आपल्याकडच्या व्याख्यानमालांच्या पत्रिकेत वक्त्याच्या नावाइतकेच मोठे दुसरे एक नाव असते. ही योजना चांगलीच, पण तिच्यात एक खोच आहे. ठेवीची रक्कम ठेवताना ठरते, महागाई नंतर वाढते, व्याजदर नंतर उतरतो. काही हजारांच्या ज्या ठेवीतून एके काळी वक्त्याचा प्रवास, मुक्काम आणि मानधन निघे, तिच्या आजच्या व्याजात निमंत्रणपत्रिकाही छापून होत नाहीत. दात्याच्या कुटुंबाला मात्र ‘दरवर्षी’ असा शब्द दिलेला असतो. मग तीन ठेवींचे एकच व्याख्यान करायचे, आणि सुरुवातीला तीन तसबिरींना हार.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि संध्याकाळची वेळ पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती गेली. मग वाहिन्या आल्या, मग मोबाइल. 2020 च्या टाळेबंदीत व्याख्यानमाला पडद्यावर गेल्या. परगावचा, परदेशातला श्रोता मिळाला, पण शेजारच्या खुर्चीवरचा हरवला. टाळेबंदी उठल्यावर तो सगळा परत आला असे नाही.

सरकारी दिनदर्शिकेने आता वाचनालयांच्या कार्यक्रमांना नवे वेळापत्रक दिले आहे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस 27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, 2015 पासून 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन, शिवाय 12 ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची जयंती आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले ग्रंथोत्सव. त्या दिवशी कार्यक्रम करायचा, छायाचित्र काढायचे, अहवालाला जोडायचे. रानड्यांनी कोर्टाच्या सुट्टीकडे पाहून महिना निवडला होता, कारण त्यांना श्रोते हवे होते. फेब्रुवारीच्या अखेरीस मुले परीक्षेच्या अभ्यासात असतात आणि शिक्षक त्याच कामात, हे तारीख ठरवताना कोणाच्या ध्यानात आले नसावे.

तरी अलीकडे एक वेगळी हालचाल दिसते. सात-आठ जणांनी वाचनालयाच्या बालविभागात, मुले गेल्यावर, त्या बुटक्या खुर्च्यांवर बसून एकच पुस्तक आलटून पालटून मोठ्याने वाचायचे. अध्यक्ष नाही, हार नाही, माईक नाही. याला ते अभिवाचन म्हणतात. वाचता वाचता कोणीतरी थांबवते आणि विचारते, याला आधार काय.